पाय न टेकता

चढ लागला की मन्मथअप्पा सायकलवरून उतरत, खाली वाकत आणि दोन्ही चाकांतली हवा सोडत. पुरती नाही, अदमासाने. अंगठ्याने टायर दाबून बघत, मान हलवत आणि मग टांग मारून चढाला लागत. माथ्यावर पोचलं की सायकलच्या नळीला चिंधीने बांधलेला पंप सोडून हवा पुन्हा भरत. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हाताऱ्याला ऊन लागलं असावं अशी माझी समजूत झाली. मी उमरीचा. आमच्याकडे लांब जायचं म्हटलं की टायर दगडासारखा टणक करून घेतात. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेच्या फाटकाजवळ रस्ता थोडा वर उचलला आहे तेवढाच, ही गोष्ट वेगळी.

"अप्पा, पंक्चर झाली काय?" मी विचारलं.

"न्हाई हो. हवा जास्ती झाली की सायकल धोंड्यावर उड्या मारती. जरा कमी केली की धोंड्याला धरून चालती." एवढं बोलून त्यांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "नव्या जिल्ह्याच्या मान्सातलीबी जरा कमी करावी लागती, भाऊसायब."

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादेहून दप्तरं गोणपाटात बांधून येत होती, खुर्च्या टेबलांच्या आधी येत होत्या आणि आम्ही पोरसवदा कारकून आपण राज्य चालवत आहोत अशा थाटात फिरत होतो. त्यात दुष्काळ पडला. डोंगरातल्या कोणत्या वाडीवर पिण्याचं पाणी किती उरलं आहे आणि तिथवर टँकर जाईल की बैलगाडी, याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. जीप एकच होती आणि ती साहेबांची होती. माझ्याकडे नांदेडहून हौसेने घेतलेली नवी सायकल होती. तिला डायनॅमोचा दिवा होता, दोन घंट्या होत्या आणि मागच्या मडगार्डवर लाल फुली होती. डोंगरात तिचा काडीचा उपयोग होणार नाही हे जळकोटच्या बाजारात एका चहावाल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यानेच अप्पांचं नाव सुचवलं.

अप्पा लिंगायत वाणी. डोंगराच्या पायथ्याला एका खेड्यात त्यांचं घर होतं. देगलूरच्या बाजारातून खण, लुगडी आणि धोतरं घ्यायची, सायकलला बांधायची आणि बालाघाटाच्या त्या रांगांमधल्या वाड्या-तांड्यांवर विकायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. पन्नाशी कधीच उलटलेली, अंगाने काटक, कपाळावर भस्माचे पट्टे आणि सदऱ्याच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सकाळी तांब्याभर पाण्यात अंघोळ आणि पूजा दोन्ही उरकायची त्यांची हातोटी त्या उन्हाळ्यात सगळ्या जिल्ह्याने शिकण्यासारखी होती. पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. लिंग डाव्या तळहातावर घेऊन ते डोळे मिटत तेव्हा मी जवळच झाडाखाली बसून डब्यातल्या भाकरीकडे बघत राही.

देगलूरच्या व्यापाऱ्याशी ते तेलुगू बोलत, कचेरीतल्या शिपायाशी उर्दू आणि सायकलशी कानडी. चढावर दम लागला की "नडी अव्वा, नडी", म्हणजे चल गं माये चल, असं तिला विनवत. ती काळी, जुनी, रंग उडालेली सायकल खरोखर चाले. माझी नवी सायकल मात्र दर मैलाला माझ्या खांद्यावर बसून प्रवास करी.

डोंगरातल्या वाटांना अप्पांनी आपल्या धंद्यातली नावं ठेवली होती. रुंद गाडीवाट म्हणजे नऊवारी. दोन माणसं शेजारी चालतील ती पाचवारी. एकच माणूस जाईल ती चोळीचा खण, आणि शेळ्यांची वाट म्हणजे चिंधी. "ही खणाची वाट हाय, हात आखडून घ्या," असं ते पुढून ओरडत आणि मी हँडलसकट बोराटीत जात असे. काटे काढून देताना ते हसत नसत, एवढा त्यांचा चांगुलपणा. फक्त म्हणत, "काट्यात गेल्याबिगर वाट ध्यानात ऱ्हात न्हाई."

महिनाभरात आम्ही पंचवीसेक वाड्या पालथ्या घातल्या. मला त्या कामाची चटकच लागली. उतारावर मागे सरून बसायचं, वळणावर नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या पलीकडे ठेवायची, सुट्या खडीवर पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, हे सगळं अप्पांनी मला शिकवलं. आयुष्यात इतका आनंद मला नंतरच्या कोणत्याही बढतीने दिला नाही.

आणि मग मी हिवरदरीची चूक केली.

हिवरदरी ही वीस-बावीस घरांची वाडी, अगदी माथ्यावर. पलीकडचा उतार नांदेड जिल्ह्याचा, अलीकडचा आमचा. आम्ही पायथ्याला पोचलो तेव्हा भर दुपार होती. माझ्या सायकलची ट्यूब तिसऱ्यांदा फाटली होती आणि पाण्याची बाटली रिकामी होती. वर बघितलं तर नुसता उभा खडक आणि त्यावर वाकडीतिकडी चिंधी.

"वर गाडीवाट आहे का?" मी विचारलं.

"मी तर बोचकं डोस्क्यावर घिऊनच चढतो," अप्पा म्हणाले. "पर तुमी एकडाव वर चला. बघून लिवा."

मी गेलो नाही. झाडाच्या सावलीत बसून वही उघडली आणि हिवरदरीपुढे दोन शब्द लिहिले: वाट नाही. अप्पा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "काय लिहून राहिले?" मी वाचून दाखवलं. परतताना पहिल्यांदाच त्यांनी चाकात हवा भरायचा कंटाळा केला आणि सायकल हातात धरून चालत आले.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. पंचवीस वाड्यांना पाणी मिळालं. हिवरदरीसमोर रेघ होती, कारण मीच तिथे वाट नाही असं लिहून दिलं होतं. जिथे वाट नाही तिथे गाडी नाही, आणि गाडी नाही तिथे पाणी नाही, असा सरळ हिशोब होता. पलीकडच्या उतारावर रस्ता होता, पण तो दुसऱ्या जिल्ह्यात होता आणि त्या जिल्ह्याच्या यादीत ही वाडी असण्याचं कारण नव्हतं.

अप्पा कचेरीत आले. आत आले नाहीत, दाराशी उभे राहिले. "चला भाऊसायब," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला त्या खडकावरून पायी वर नेलं. माझी हवा निम्म्यातच संपली होती, आणि ती कोणी सोडायचीही गरज उरली नव्हती.

वर गोदाबाईचं घर पहिलं. तीस वर्षांपासून अप्पा वाडीवर आले की आधी तिच्या ओट्यावर बोचकं सोडत. पहिली विक्री तिची आणि त्याआधी तिच्या हातचं गूळपाणी, हा त्यांचा रिवाज होता. त्या दिवशी गोदाबाई आतून आली ती हातावर गुळाचा खडा घेऊन. तांब्या नव्हता. घरात एकच घागर होती, ती तिच्या सुनेने पहाटे दोन कोस चालून पलीकडच्या जिल्ह्यातून आणली होती आणि नुकतीच बाळंत झालेली दुसरी सून आत निजली होती.

"अप्पा, गूळ घ्या," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही. "पाणी मागाहून देते."

अप्पांनी गुळाचा खडा घेतला. तोंडात टाकला नाही. फडक्यात बांधला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. "मंग गूळबी मागाहूनच खातो, बाई," ते म्हणाले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दोन शब्द लिहायला मला अर्धं मिनिट लागलं होतं.

मी साहेबांकडे गेलो आणि माझी चूक कबूल केली. साहेब चिडले नाहीत, ते बरंच झालं. ते म्हणाले, "गाडीवाट दाखवा. गाडीवान जायला तयार झाले की मी त्याच दिवशी सही करतो." मी पायथ्याच्या गावात गाडीवानांना विचारलं. वैरणीअभावी त्यांच्या बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. न पाहिलेल्या चढावर पत्र्याचं मोठं टिपाड भरून पाणी ओढायला लावून बैल बसला तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं.

मग आम्ही वाट शोधायला लागलो. सहा दिवस तो डोंगर आम्ही सायकली घेऊन पिंजून काढला. पूर्वेच्या अंगाने तीन वाटा सापडल्या. पहिली कड्याशी संपली. दुसरी ओढ्यात शिरली आणि तिथून बाहेरच आली नाही. तिसरीवर मी सायकलसकट दहा हात घसरलो आणि माझ्या डायनॅमोचा शेवट झाला. सहाव्या दिवशी आम्ही गोदाबाईच्या ओट्यावर हताश होऊन बसलो होतो. अप्पा तिच्या हिरव्या लुगड्याकडे बघत होते. एकाएकी म्हणाले, "बाई, तुमी लगीन होऊन या वाडीत आल्या, त्या कशात बसून?"

"गाडीत. कशात येनार?"

"कोन्त्या वाटंनं?"

"मला काय ठावं? तोंडावर पदर हुता अन् रडून राहिली हुते."

"हाव, पर ऊन लागलं असंल की. ऊन कुठं लागत हुतं?"

गोदाबाईने क्षणभर विचार केला आणि नकळत हात डाव्या गालावर नेला. "ह्या गालावर. दिवस कलला हुता. लई चटका बसत हुता."

अप्पा उठून उभेच राहिले. "दिवस कललेला, अन् ऊन डाव्या गालावर. म्हंजे तोंड उत्तरेला!" ते माझ्याकडे वळले. "आपुन सहा दिस पूर्वेकडून मावळतीला तोंड करून चढून राहिलो, भाऊसायब. वऱ्हाड दक्षिणेच्या अंगानं चढलंय. नवरी काय बोचक्यासारखी डोस्क्यावर आनत न्हाईत. तीस वर्सं मी हितल्या पोरींचे लग्नाचे शालू इकतो, अन् ही साधी गोष्ट माझ्या टकुऱ्यात आली न्हाई!"

पलीकडे डांबरी रस्ता झाल्यापासून लग्नाच्या गाड्या तिकडून येऊ लागल्या होत्या आणि ही वाट बुजली होती, वाडीतही ती कोणाच्या ध्यानात राहिली नव्हती. दक्षिणेच्या उतारावर तरवड आणि बोराटी माजली होती. आम्ही त्यात शिरलो. तासाभराने अप्पा गुडघ्यावर बसले आणि एका सपाट दगडावरची माती त्यांनी उपरण्याने झटकली. दगडावर दोन खोल चरे होते, एकमेकांपासून बरोबर गाडीच्या दोन चाकांइतके लांब. चाकाच्या लोखंडी धावेने वर्षानुवर्षं घासून पडलेले. अप्पांनी त्या चऱ्यावरून बोट फिरवलं. मी मात्र बेंबीच्या देठापासून ओरडलो. वरून वाडीतले लोक काय झालं म्हणून धावत आले.

तीन दिवसांत वाडीने कुऱ्हाडी आणि कोयते घेऊन वाट मोकळी केली. गोदाबाईला आता एकेक आठवायला लागलं होतं; ती रोज येऊन सांगत होती की इथे गाडी थांबली होती, इथे नारळ फोडला होता, इथे तिने मागे वळून बघितलं होतं. चढ पाऊण मैलाचा होता. मध्ये एक वळण होतं आणि वळणावर एक कलता दगड.

चौथ्या दिवशी साहेब आले. पायथ्याला नागनाथ नावाचा म्हातारा गाडीवान आणि त्याच्यासोबतचे दोघे उभे होते. नागनाथने वाट निरखून पाहिली, थुंकला आणि म्हणाला, "दिसती तर बरी. पर दिसनं येगळं, चढनं येगळं." साहेबांनी घड्याळ पाहिलं. इथवर येऊन सगळं पुन्हा एका शब्दावर अडणार होतं.

तेव्हा अप्पा पुढे झाले. त्यांनी तेलाचे पाच-पाच किलोचे दोन डबे आणले होते, वरची झाकणं कापलेले. ते त्यांनी गावच्या विहिरीतल्या गढूळ पाण्याने काठोकाठ भरले आणि कॅरियरच्या दोन बाजूंना बांधले. "नागनाथ, मी सायकलवर बसून वर जातो. मधी कुठं पाय टेकला, का वर पोचंपर्यंत डबे निम्मे झाले, तर तुजे बैल नेऊ नको. मग तर झालं?"

नागनाथने त्यांच्या पिकल्या मिशांकडे बघितलं. "अप्पा, पाय न टेकता तू वर गेलास, तर माजे बैल उड्या मारत जातील."

अप्पांनी वाकून दोन्ही चाकांतली हवा सोडली. साहेब माझ्या कानाशी लागून म्हणाले, "अहो, ते हवा का सोडतायत?" मी म्हणालो, "साहेब, बघत राहा."

ते निघाले. आम्ही सगळे मागून चालत होतो आणि चालणाऱ्यांनाच दम लागत होता. अप्पा घाईत नव्हते. सीटवरून उठून, सगळा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत, नागमोडी चढत होते. "नडी अव्वा, नडी. ओंदू, येरडू, मूरू," असे एक, दोन, तीन मोजत होते. पाठीवरचा सदरा भिजून काळा पडला. डब्यांतलं पाणी काठाशी हलत होतं, थेंब थेंब सांडत होतं आणि तापलेल्या मातीवर त्याचे डाग पडून लगेच वाळत होते.

वळणाच्या कलत्या दगडावर पुढचं चाक घसरलं. सायकल थांबली. खरोखर जागच्या जागी थांबली. अप्पांचा डावा पाय पेडलवरून सुटला आणि खाली आला. जमिनीपासून वीतभर वर तो तसाच थांबला. वाडीतल्या सगळ्या बायका वर माथ्यावरून बघत होत्या. अप्पांनी हँडल झटक्यात चढाकडे फिरवलं, अंग पुढे टाकलं आणि मऊ पडलेलं चाक दगडाला चिकटून इंचभर पुढे गेलं. मग आणखी इंचभर. पाय पुन्हा पेडलवर आला.

"टेकला का?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही!" हे माझ्याआधी नागनाथ ओरडला.

माथ्यावर पोचल्यावरही अप्पा उतरले नाहीत. तसेच गोदाबाईच्या ओट्यापर्यंत गेले आणि तिथे ओट्याला टेकून उभे राहिले. बायका हसत होत्या, रडत होत्या, पोरं सायकलीभोवती नाचत होती. नागनाथने डब्यात बोट बुडवून पाहिलं. दोन बोटं पाणी कमी झालं होतं. तो वळून आपल्या सोबत्यांना म्हणाला, "चला, बैलं आना." साहेबांनी माझी वही मागितली. मी माझ्या हाताने ते दोन शब्द खोडले आणि "गाडीवाट आहे" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. माझ्या नोकरीत मी हजारो कागद लिहिले. मनापासून लिहिलेला तो एकच.

दोन दिवसांनी टँकर पायथ्याला आला आणि तिथून तीन गाड्या टिपाडं घेऊन वऱ्हाडवाटेने चढल्या. बैलांच्या शिंगांना गोदाबाईने चिंध्यांचे गोंडे बांधले होते. वाडीच्या पोरींनी गाड्यांपुढे चालत लग्नातली गाणी म्हटली. पहिलं टिपाड उतरलं आणि पहिला तांब्या भरून गोदाबाई अप्पांपुढे आली. आता तिची मान ताठ होती.

अप्पांनी खिशातून फडकं काढलं. इतक्या दिवसांच्या उन्हात गूळ वितळून फडक्यात पार मुरला होता. त्यांनी तो नखाने खरवडून काढला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. त्यात सदऱ्याचे धागेही होते. मग तांब्या वर धरून ते घटाघटा पाणी प्यायले आणि उरलेलं त्यांनी मला दिलं.

"आता खण दाखवा," गोदाबाई म्हणाली. "बारशाला लागंल."

अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. मी गेलो होतो. खिशात गुळाचा खडा होता, तो मातीबरोबर टाकला. कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी नांदेड आणि लातूरची काही तरुण मंडळी माझ्याकडे आली. डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली, गिअर, डोक्याला शिरस्त्राण. "काका, बालाघाटात सायकलसाठी एखादी जुनी वाट माहीत आहे का?" मी गुडघे सांभाळत जीपने पायथ्यापर्यंत गेलो आणि त्यांना वऱ्हाडवाट दाखवली. अकरा जण चढाला लागले. कलत्या दगडावर अकराच्या अकरांनी पाय टेकले. परत खाली येऊन सगळे मला त्या दगडाबद्दल तक्रारी सांगू लागले. एकाने विचारलं, "हा कोणी पाय न टेकता पार केला आहे का?"

"एकाने केला," मी म्हणालो. "काळी सायकल, गिअर नाही, वय छप्पन्न, मागे पाण्याचे दोन उघडे डबे."

त्यांना ते खरं वाटलं नाही. मी वाकलो, जवळच्या सायकलीचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणालो, "आधी जरा हवा सोडा."

दुसऱ्या खेपेला चौघे पाय न टेकता वर गेले. मी मागून सावकाश चालत पोचलो तेव्हा ते चौघे गोदाबाईच्या नातसुनेच्या ओट्यावर बसले होते आणि ती त्यांच्या हातावर गूळ ठेवत होती. शेजारी भरलेला तांब्या होता.